खोबरेल तेलाचं माप

चहा गार व्हायच्या आत माझी फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर आमची बायको शैला सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते.

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, पेडण्याला एक जुनी मोटार आहे. पंधरा वर्षं त्यांनी मला तिच्यावर फडकं मारू दिलं, चालवू मात्र दिली नाही. यंदा थंडीच्या तोंडावर तिच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तडकलं. मी, डिचोलीचा हुशार जावई, लगेच म्हणालो, "आबा, दुसरं मी बसवतो."

"बसवा. नातीला आणायला मोपाच्या विमानतळावर हीच गाडी न्यायची. चढ नीट चढली तर चावी तुमची."

पंधरा वर्षं जिच्याकडे नुसतं बघितलं ती चावी! आता मला झोप कुठली?

पाळीच्या भंगारवाल्याकडे जुळणारं हेड मिळालं. गॅरेजवाल्या पांडू मेस्ताने बजावलं, "भाऊ, दोनय हेडांची पोकळी मापून घे. नवी ल्हान भरली तर दाब वाढतलो, इंजिन ठोके मारतला. मोठी भरली तर गाडयेचो दम जातलो. रॉकेलान माप." एवढं सांगून तो दोन दिवस जत्रेला गेला.

हल्ली रॉकेल कुणाच्या घरी असतं? आमच्याकडे खोबरेल होतं, घाण्याचं. शैलाच्या भाजी चिरायच्या पाटाला भोक पाडलं, पाट पोकळीवर घट्ट बसवला आणि भोकातून दहा मिलीच्या सिरिंजने तेल सोडलं. जुन्या हेडमध्ये, भर दुपारी, चार सिरिंजा मावल्या.

दुसऱ्या हेडचं माप मी पहाटे घेतलं. थंडी कडक होती. सिरिंज दाबून अंगठा दुखायला लागला, पण तीन सिरिंजांतच तेल भोकाशी आलं. म्हणजे पोकळी लहान, दाब वाढणार. वही काढली, गणित मांडलं आणि पोकळी वाढवायला हेडखाली सांध्यात बसणाऱ्या पातळ गॅस्केटी एकाच्या जागी तीन घातल्या. शाळेत गणिताने मला कधी साथ दिली नाही, पण हे उत्तर कसं सुटसुटीत आलं होतं.

सपाटीला गाडी झक्क चालली. आबा मागे ऐटीत बसलेले. मोपाचा चढ लागला आणि पहिल्या गिअरमध्येच गाडीने मान टाकली.

"हिला काय झालं?" आबांनी विचारलं.

"थोडी तापलीय."

"जावयबापू, ही तेरेखोलच्या किल्ल्यावर गेलेली गाडी आहे."

आधी शैला उतरली, मग मी. स्टिअरिंगवर आबा, मागून आम्ही दोघं ढकलतोय, आणि वरून टॅक्सीने उतरत आली आमची लेक. वाट बघून कंटाळली होती. तिने काच खाली केली.

"पप्पा, मीही येऊ का ढकलायला?"

जत्रेहून परतलेल्या मेस्ताने इंजिन उघडलं आणि तीन गॅस्केटी माझ्यासमोर ओळीने मांडल्या.

"माप कशान घेतलंस?"

"खोबरेलाने."

"कधी?"

"पहाटे."

मेस्ताने शैलाकडे पाहिलं. शैला बोलली. "अहो, पहाटे मला केसांना लावायला बाटलीतून थेंब निघत नाही. गोठलेलं तेल भोकाखाली ढीग होऊन बसलं असणार, पोकळीचे कोपरे रिकामेच."

अख्खा जन्म गोव्यात गेला माझा. थंडीत खोबरेल गोठतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मेस्ताने उन्हात पुन्हा मापलं. चार सिरिंजा. एक गॅस्केट घातली आणि गाडी मोपाचा चढ धापा न टाकता चढली. चालवत होती शैला. चावी आबांनी आपल्या लेकीला दिली.

मला त्यांनी खोबरेलाची बाटली दिली. "जावयबापू, ही रोज सकाळी उन्हात ठेवत जा. एवढं जमेल ना?"

जमतं तसं. काल तेवढं आभाळ आलं होतं.