काकाच्या कुरडया

आमच्या काकाच्या हातून घरातली वस्तू सहसा सुखरूप सुटत नाही. नळ बंद करायला गेला तर नळ हातात येतो. कप विसळायला घेतला तर कान एकीकडे आणि कप दुसरीकडे. हाच माणूस चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे पत्रे दाबायच्या मोठ्या प्रेसवर कितीतरी वर्षं काम करतोय आणि तिथे त्याचा एक पीसही कधी रिजेक्ट झालेला नाही. असं तो सांगतो. आम्ही कुणी बघायला गेलेलो नाही, त्यामुळे विश्वास ठेवण्यावाचून इलाज नाही.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. कंपनी आधी भोसरीत होती म्हणून तो गावाहून आमच्या रहाटणीच्या फ्लॅटवर राहायला आला. पुढे कंपनीच उठून चाकणला गेली, म्हणजे अगदी आमच्या गावाच्या दारात. कुणीही शहाणा माणूस सामान बांधून घरी परतला असता. हा मात्र रोज कंपनीच्या बसने रहाटणीहून चाकणला जातो आणि शिफ्ट संपली की गाव ओलांडून परत येतो. विचारलं तर म्हणतो, "गावाला वहिनींच्या हातचं कोण घालनार खायला?" त्यानं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं एकच गोष्ट स्वतःकडे ठेवली. हॉल बाबांनी बघावा, साड्या मी निवडाव्यात, जेवणाचं काकानं ठरवावं, पण रुखवत ती करणार, तेही सगळं घरच्या हाताचं. पापड झाले, सांडगे झाले, शेवया झाल्या. राहता राहिल्या कुरडया. कुरडयांशिवाय रुखवत म्हणजे आईच्या मते मिठाशिवाय आमटी.

या हट्टामागचं कारण मला माहीत होतं. आईच्या स्वतःच्या लग्नात घरी करणारं कुणी नव्हतं. तिच्या मावशीनं शेजारच्या गावातल्या एका लग्नातलं रुखवत उसनं आणून मांडलं. झाकली मूठ राहिली असती, पण मांडवातल्याच एका बाईनं ते ओळखलं आणि चारचौघांत बोलूनही दाखवलं. त्यानंतर आजी, म्हणजे आईची सासू, संधी मिळेल तेव्हा "उसन्या रुखवताची" असं म्हणायची. आई हे सांगताना हसायची, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

तर कुरडयांसाठी गहू भिजत घातला होता. रोज पाणी बदलायचं असतं. शेवटच्या दिवशी बाल्कनीत पाणी बदलता बदलता सांडलेल्या पाण्यावरून आईचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आणलं तर दारातच तिनं विचारलं, "गव्हाचं पाणी टाकलं का?"

भिजलेला गहू काही परत डब्यात भरता येत नाही. तो एक तर वाटायचा, नाही तर आंबवून फेकायचा. मला त्यातलं काही येत नव्हतं. शिवाय लग्न तोंडावर आलेलं, नवरीनं गच्चीवर उन्हात बसून काळं व्हायचं नाही, असा आईचा हुकूम. बाबा पत्रिका वाटत गावोगाव हिंडत होते. मी आपलं सरळ म्हटलं, "आई, बचत गटातल्या बायकांकडून मागवू. त्यांच्या दिसायलाही छान असतात."

आई उठून डाव्या हातानंच गव्हाचं पातेलं आत ओढू लागली. काका सोफ्यावर बसून चहा पीत होता. त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. ठेवताना बशीला टवका गेला.

"वहिनी, त्यात काय एवढं? वरनं दाबायचं, खालनं माल येतो. आमी जन्मभर दुसरं काय केलंय?"

"भाऊजी, तो पत्रा असतो. हा चीक आहे."

"पत्र्यापेक्षा मऊच की मग."

आणि त्यानं खरोखरच कंपनीत सुट्टी टाकली.

गहू मिक्सरमधून मी काढला. पिळायचं काम काकानं घेतलं. त्यानं इतक्या जिवानं पिळलं की फडकं फाटलं आणि सगळा कोंडा पुन्हा चिकात पडला. परत गाळला. परत फडकं फाटलं. तिसऱ्या वेळी आईनं तिची जुनी सुती साडी काढून दिली आणि "जरा हळू, भाऊजी, तो तुमचा वैरी नाही" असं सांगितलं. रात्रभर चीक निवळायला ठेवला. सकाळी आधण आलं, मी चीक ओतू लागले आणि काका लाटण्यानं घोटू लागला. इथे मात्र त्याचं कौतुक करायला हवं. गाठ म्हणून झाली नाही. एक शिंतोडा मनगटावर उडून भाजलं, तरी त्यानं लाटणं सोडलं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. ती म्हणाली, "बरा घोटलाय." काकाचा चेहरा खुलला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

गच्चीवर त्यानं आधीच जय्यत तयारी केली होती. प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर खडूनं चौकटी आखल्या होत्या. एका चौकटीत एक कुरडई. चालायच्या वाटेला पिवळा खडू. मी गरम चिकाचं पातेलं वर पोचवलं, छत्रीची सावली धरून उभी राहिले. काकानं पितळी सोऱ्या भरला, जीभ बाहेर काढून दांडा फिरवला आणि पहिली कुरडई पडली. वेडीवाकडी, पण कुरडई होती.

आता दुसरी पाडायची की नाही? नाही. काकानं सोऱ्या बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी ती ओली कुरडई कागदावरून उचलली.

"अरे काका, हे काय करतोयस?"

"पयला पीस दाखवल्याशिवाय लाईन सुरू करायची नसती. वहिनींचं अप्रूव्हल घेऊन येतो."

मी काही बोलायच्या आत तो जिना उतरू लागला. पहिल्या वळणावर कुरडईचा एक पदर सुटला, दुसऱ्या वळणावर उरलेले. आईपुढे जाऊन त्यानं हात पसरले तेव्हा तळव्यात चिकाचा एक गोळा होता आणि कोपरापर्यंत शेवया लोंबत होत्या. जिन्यात जिथे तिथे चीक. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा पाय त्यात पडला नाही, ही देवाची कृपा.

आई त्या हातांकडे बघत राहिली. मग पदर सावरून उठली. "चला. आता मीच येते वर."

तिला गच्चीवर नेऊन टाकीच्या सावलीत बसवलं. काकानं दमानं चारदोन कुरडया पाडल्या, पण तोवर पातेल्यातला चीक निवून घट्ट होऊ लागला होता. सोऱ्याचा दांडा फिरेना. आई म्हणाली, पातेलं गरम पाण्यात ठेवा, मऊ येईल. मी पाणी तापवायला खाली गेले. काकाला तेवढाही दम निघाला नाही. मी वर आले तेव्हा त्यानं पार्किंगमधल्या आमच्या गाडीतून जॅक आणला होता. टाकीच्या लोखंडी स्टँडखाली दोन विटा, विटांवर सोऱ्या, सोऱ्याच्या वर जॅक, आणि जॅकचं डोकं स्टँडच्या पट्टीला टेकवलेलं. आई डाव्या हातानं नको नको करत होती.

"वहिनी, टनेज, म्हंजी दाब, कमी पडतोय फकस्त," काका म्हणाला आणि जॅकचा दांडा फिरवला.

सोऱ्यानं थोडा वेळ विचार केला. मग खालची चकती फटकन सुटली आणि आतला सगळा चीक एकदम बाहेर पडला. पितळेचं भांडं एका अंगानं चेपलं. काका हबकून मागे सरला आणि पिवळ्या खडूची वाट ओलांडून थेट कागदावर बसला. तिथे मघाशी माझ्यासमोर दमानं पाडलेल्या चारदोन कुरडया होत्या. त्या त्याच्या पँटला चिकटून आल्या.

मला वाटलं, आई आता रडणार. तो सोऱ्या काकानंच त्याच्या पहिल्या पगारातून तिला आणून दिला होता. पण तिच्या तोंडून आधी एक बारीकसा आवाज आला आणि मग ती हसायलाच लागली. प्लास्टरचा हात पोटाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मनगट मोडल्यापासून ती हसली नव्हती. काका तसाच उभा राहून पाठीमागून कुरडया सोलत होता. तोही हसू लागला, जरा भीत भीत.

हसणं ओसरल्यावर आईनं पातेल्याकडे पाहिलं. चीक अजून बराच होता. "माळ्यावर लाकडी सोऱ्या आहे," ती म्हणाली. "जाड शेवेचा. कुरडया जाड होतील, पण होतील."

मी पातेलं गरम पाण्यात ठेवलं आणि तो लाकडी सोऱ्या काकानं माळ्यावरून काढला. काढताना एक परात पडली, ते सोडा. त्यानंतर दुपार कलेपर्यंत गच्चीवर जे चाललं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. आई खुर्चीतून सांगत होती आणि काका करत होता.

"दाबा. फिरवा, हात फिरवा. एका जागी ढीग लावू नका. बाहेरून आत या. हां. आता सोडा. सोडा म्हणते ना."

"सोडला न्हवं."

"उशिरा सोडलात. शेपूट आलं."

काका अनवाणी होता. फरशी तापली होती आणि तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत दाबत होता. मी चपला आणून दिल्या तर म्हणाला, अन्नाच्या कागदावर चपला घालून जायचं न्हाई. शेपटं येतच राहिली. मध्येच वारा सुटला आणि कागदाचं एक टोक उडून एक ओळ घडीत गेली. काका वेड्यासारखा धावून त्या टोकावर आडवा झाला आणि मी विटा आणेपर्यंत आडवाच राहिला. पण शेवटच्या शेवटच्या कुरडया पाहून आई काही बोलली नाही. बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं, त्या गोल होत्या.

वाळल्यावर मी त्या डब्यात भरल्या. जाड, राकट, कुठे शेपूट, कुठे मधेच गाठ. मी पुन्हा एकदा म्हटलं, रुखवतात मांडायला बचत गटाच्या आणू, ह्या घरी तळायला ठेवू. खरं सांगायचं तर मला सासरच्यांपुढे त्या मांडायची लाज वाटत होती. आई म्हणाली, "ह्याच मांडायच्या." त्यावर वाद झाला नाही.

लग्न चिंचवडच्या एका कार्यालयात झालं. अक्षता पडल्या, आणि मी शालू नेसून बाहेर आले तेव्हा रुखवताच्या टेबलापाशी बायकांची गर्दी होती. माझी आजेसासू तिथे उभी होती. सांगवीच्या माझ्या सासरघरातली सगळ्यात मोठी बाई, सगळे तिला वचकून असतात. तिनं काचेच्या बरणीतून एक कुरडई काढली, चष्म्याजवळ धरून फिरवून फिरवून पाहिली.

"ह्या कुनी केल्या?" तिनं विचारलं. "दोरखंड वळल्यागत दिसत्यात."

दोघी-तिघी हसल्या. आई पुढे झाली आणि डाव्या हातानं उगाच बरणीचं झाकण चाचपू लागली. उजवा हात अजून गळ्यातल्या झोळीत होता. मला तिचा चेहरा दिसला. मांडवात उभं राहून पुन्हा तेच ऐकायची वेळ तिच्यावर आली होती.

काका पलीकडे कंपनीतल्या मित्रांना सरबत देत होता. तो ट्रे घेऊन तसाच बायकांच्या घोळक्यात शिरला.

"म्या केल्यात, आजी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "वहिनींचा हात मोडला. त्यांच्या असत्या तर बघत ऱ्हायला असता. चूक असंल ती माझी हाय, त्यांची न्हाई."

मागे त्याच्या मित्रांपैकी कुणीतरी "काय राव, कुरडया?" असं म्हणून खिदळलं. काकाचे कान लाल झाले. पण तो हलला नाही.

आजेसासूनं त्याला खालून वर पाहिलं. मग आईकडे वळली. "म्हंजी रुखवत तुमच्या हातचं न्हाई म्हना की."

"माझ्या हातचं नाही," आई म्हणाली. तिचा आवाज आता स्वच्छ होता. "घरच्या हातचं आहे."

आजेसासूनं ती कुरडई बरणीत परत ठेवली नाही, पदराच्या टोकात बांधली आणि काकाच्या ट्रेमधलं सरबत उचललं. काका तिथेच उभा होता, आईकडे बघत. मी पाठवणीसाठी राखून ठेवलेलं सगळं रडू तिथेच, रुखवताच्या टेबलाशी संपवून टाकलं.