बॉयलरवर सात नंबरला कोण?

मी कुणाचा सर्वात जास्त देणेकरी आहे असं कुणी विचारलं, तर वहिनीचा, असं मी झोपेतसुद्धा सांगेन. ती लग्न होऊन सांगोल्याकडच्या आमच्या वस्तीवर आली तेव्हा मी शेळ्यांमागं हिंडत होतो. नवी नवरी चार दिवस गप्प राहिली आणि पाचव्या दिवशी सासूला म्हणाली, "ह्ये पोरगं साळंत का जात न्हाय?"

"मग शेळ्या कोन राखनार? तू?"

"व्हय. मी राखते की."

आईनं ते टोमण्यानं विचारलं होतं. वहिनीनं ते खरं केलं. डोक्यावरचा पदर सांभाळत, काठी घेऊन ती माळावर जाऊ लागली. वस्तीवरच्या बायका हसायच्या, "धाकट्या दिराची चाकरी करतीया," म्हणायच्या. तिला स्वतःला चौथीनंतर शाळेतून काढलं होतं. मी मॅट्रिक झालो, सोलापूरला कॉलेजात गेलो, गणित घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घरात त्याआधी मॅट्रिकपर्यंतसुद्धा कुणी पोचलं नव्हतं.

पदवी मिळाली, नोकरी मिळेना. सोलापुरात मी गिरणी कामगारांच्या चाळीत राहत होतो. शेजारच्या खोलीत गिरणीतून निवृत्त झालेले एक जॉबर, म्हणजे मुकादम, राहत. सारी चाळ त्यांना मामा म्हणायची. मामांना रमीचं वेड होतं. एका सुट्टीच्या दिवशी गडी कमी पडला म्हणून त्यांनी मला बसवलं, आणि कुणी कोणतं पान टाकलं, कोणतं उचललं हे सगळं माझ्या ध्यानात राहतं, हे त्यांना दिसलं. त्यात माझी करामत काही नव्हती. संध्याकाळी शेळ्या परत आल्या की कोणती आली नाही हे मोजल्याशिवाय कळायचं, तसंच हे.

मग मामा मला घेऊन फिरू लागले. त्या काळी ठिकठिकाणच्या क्लबांत रमीच्या स्पर्धा व्हायच्या. सोलापुरातले दोन-तीन क्लब, बार्शी, अकलूज, कारखान्यांच्या वसाहती, आणि अधूनमधून मैंदर्गीच्या बाजारादिवशी एखाद्या अडतीच्या दुकानात पोत्यांवर मांडलेला डाव. जिंकलं की मामा निम्मं घेत, मी निम्मं घेत असे. त्यावर दोन वर्षं जगलो.

लोकांना वाटतं या धंद्यात मजा असते. मला आठवते ती थुंकी. खेळणारा प्रत्येक जण अंगठा जिभेला लावून पान उचलायचा. दोन दिवसांत गड्डी जाड होऊन यायची, पानं एकमेकांना चिकटायची, आणि तीच पानं मला दिवसभर हातात धरावी लागायची. लॉजच्या उशांना दुसऱ्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास. क्लबच्या कोपऱ्यात तंबाखूच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली भिंत, आणि तिला टेकून जेवणारे आम्ही. मैंदर्गीला एकदा डाव रंगात असताना एकाच्या घरून निरोप आला, बायको बाळंतपणात अडली आहे. तो म्हणाला, "ह्यो डाव होऊ दे." पुढच्या गड्यानं अंगठा चाटला आणि पान ओढलं.

मी घरी गेलो की वहिनी एकच विचारायची, "परमनंट झालास का?" हा शब्द तिला गावच्या मास्तरांकडून मिळाला होता. पत्त्यांचं तिला माहीत होतं. "त्यो खेळ हाय," ती म्हणायची, "त्येला काम म्हनू नगं." मी परमनंट व्हावं, एवढीच तिची इच्छा होती. मीही रोज तेच मागत होतो.

ते मागणं जवळजवळ पुरं झालं नदीकाठच्या एका साखर कारखान्यावर. गळीत हंगाम चालू होता, मळीच्या वासानं डोकं दुखत होतं. क्लबच्या स्पर्धेत मी शेवटच्या टेबलापर्यंत पोचलो. चार गडी होतो. माझ्या डाव्या हाताला कारखान्याचे चेअरमन बसले होते. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. रमीत आपण टाकलेलं पान पुढच्याला उचलता येतं, म्हणजे माझं टाकलेलं पान साहेबांच्या कामाचं.

डाव निम्म्यावर आला तेव्हा साहेबांनी पानांवरची नजर न काढता विचारलं, "बॉयलरवर सात नंबरला कोन हाय आज?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. मला वाटलं, मला विचारलंय. मी नम्रपणे म्हणालो, "साहेब, मी पाहुणा आहे, मला ठाऊक नाही. विचारून येऊ का?"

अख्खी खोली हसली. मागं उभे असलेले मामा माझ्या कानाशी वाकले. "आरं गुर्जी, बॉयलर म्हंजी बदाम. गव्हाण म्हंजी इस्पिक, गोदाम म्हंजी चौकट, मळी म्हंजी किलवर. सायबांला बदाम सत्ती पायजे. हाय का तुज्याकडं?"

"आहे."

"मग टाक की! घरला सुखानं जायचं हाय ना?"

तेव्हा कळलं की इथं स्पर्धा नव्हतीच. दरवर्षी स्पर्धेची ढाल साहेबच जिंकत आणि टाळ्या सगळे वाजवत. बदाम छक्की-सत्ती-अठ्ठी ही माझी जुळलेली पानं होती. ती मोडायला हात उठेना. मी दुसरंच पान टाकलं, आणि पुढच्या फेरीत हवं ते पान ओढून डाव उघडा मांडला, जिंकलो.

साहेबांनी माझी पानं पाहिली, सत्तीवर बोट ठेवलं आणि हसले. ते हसले म्हटल्यावर बाकीचेही हसले.

"कुठला रं तू? शिकल्याला दिसतोस."

"बी.एस्सी. आहे, साहेब."

"मॅनेजर, ह्याला आपल्यात घ्या. डोस्कं हाय ह्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला क्लबच्या ऑफिसात बोलावलं. मॅनेजर चाळिशीचे, कडक इस्त्रीचे. "मी एलएल.बी. आहे," असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. शेतकी ऑफिसात कारकुनाची जागा होती. परमनंट. वसाहतीत दोन खोल्या. "ऑफिसला नाही आलात तरी चालेल," ते म्हणाले. "बाहेरचे पाहुणे आले की टेबलावर बसायचं. पाहुण्यांना हरवायचं, साहेबांना जिंकवायचं. बॉयलर, गव्हाण एवढं पाठ करा. बाकी काही नाही."

मला खरं सांगायचं तर तोवर वाईट वाटत नव्हतं. दोन खोल्यांत वहिनीला आणून बसवीन, नळ दाखवीन, असा विचार मनात चालला होता.

तेवढ्यात साहेब आत आले. तोंडात पान होतं. बोलता बोलता त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. पिकदाणी खोलीच्या त्या टोकाला होती. मॅनेजर उठले, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि साहेबांच्या तोंडाखाली धरली. साहेब तिच्यात थुंकले आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुढं बोलू लागले. "तर आसं हाय, पोरा, आपल्याकडं मानसाला कायम सांभाळलं जातं." एवढं बोलून ते गेले.

मॅनेजर बाहेर नळावर जाऊन आले. हात पँटला पुसले. मग त्याच ओलसर हातानं पेन माझ्यापुढं धरलं. "हं, करा सही."

मी पेन घेतलं नाही. "नको मला," म्हणालो.

"अहो, परमनंट आहे!" ते खरोखरच चकित झाले होते. मग दाराकडं बघून हळूच म्हणाले, "सवय होते हो."

बाहेर येऊन सगळं सांगितलं तसे मामा भडकले. "हात धुतला की जातंय! मी जलमभर मिलच्या तेलात हात घातला, मेलो का?"

"तेल वेगळं, मामा."

"काय येगळं? लई शिकलास म्हून माज आलाय तुला." ते स्टँडकडं निघून गेले, मागं वळून बघितलं नाही. मला या धंद्यात आणणाऱ्या माणसाशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

मी गव्हाणीकडच्या, गाड्यांतला ऊस उतरवतात तिकडच्या, रस्त्यानं निघालो. ऊसगाड्यांची रांग लागली होती. तिच्यात आमच्या वस्तीवरचे एक आबा बैलांना पाणी पाजत होते. मला बघून ओरडले, "मास्तर, पेढं कुटं हायती?"

"कसले पेढे?"

"परमनंट झालासा की! क्लबातला शिपाई सकाळीच सांगत हुता. आपल्याकडं जानाऱ्या ट्रकवाल्याबर मी लगीच निरोप धाडला. वैनी तुमची साखर वाटीत सुटली आसंल आता."

"आबा, मी नाही घेतली नोकरी."

"थट्टा करताय व्हय?" त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली. "आवं पर का?"

ओंजळ करून दाखवावी म्हणून हात वर केले, पण तेवढीसुद्धा खोटी ओंजळ करवली नाही.

स्टँडवर पोस्टाची पेटी होती, शेजारच्या दुकानात अंतर्देशीय पत्र मिळालं. वहिनीला वाचायला मीच पुन्हा शिकवलं होतं, पण जोडाक्षरं तिला अडत. म्हणून मी तिला पत्र लिहिताना ती टाळत असे. त्या दिवशीही तसंच, मोठ्या अक्षरात लिहिलं:

वहिनी, पाया पडतो.

मला नोकरी लागली असं गावात कळलं असेल. ते खरं नाही. परमनंट होती, राहायला घर होतं, पण मी घेतली नाही. साखर वाटली असेल तर वाटू दे. कोणी विचारलं तर दीर वेडा आहे असं सांग.

काम काय होतं ते लिहितो. साहेब पान खातात. थुंकायला भांडं जवळ नसलं की तिथला मॅनेजर हात पुढं करतो. साहेब हातावर थुंकतात. तो मॅनेजर वकिली शिकलेला आहे. आज तो आहे, पुढं मी असतो. तू माझी शेळी राखलीस, मी शाळेत गेलो, ते यासाठी नाही असं मला वाटलं. तुला काय वाटतं ते लिही. दादाकडून लिहून घेऊ नको, तू लिही. वेडंवाकडं चालेल.

तू सांगत होतीस तो खेळ मी सोडला. सोलापुरात एका शाळेला गणित शिकवायला माणूस हवा आहे. परमनंट नाही, काही महिनेच आहे. सोमवारी जाऊन विचारतो. ते मिळालं नाही तर घरी येईन. तू बस, मी माळावर जाईन.

राग आला असेल तर राग लिही, पण लिही.

तुझा दीर