इब्राहिमचं बेट

इब्राहिम काल गेला. मला अजूनही त्याचा हेवा वाटतोय.

जपानी मी स्वतः शिकलो. क्लास नाही, सर नाही. इथे बहरीनला, हमद टाउनच्या रूमवर, ड्यूटी संपल्यावर.

जपानच्या सेतो समुद्रातलं एक छोटं बेट मला मॅपवर पाठ होतं. फेरी कुठल्या धक्क्याला लागते, लिंबाच्या बागा डोंगराच्या दक्षिण उतारावरच का, पोस्टामागची पायवाट कुठल्या देवळाकडे चढते. सगळं.

आणि तिथे गेला कोण?

इब्राहिम. दाभोळचा फिटर, बहरीनमधला माझा सगळ्यात जुना दोस्त. कंपनीचं जहाज नेमकं त्याच बेटावरच्या गोदीत दुरुस्तीला गेलं, सोबत हा.

परत आल्यावर विचारलं, "कसं आहे?"

"दाभोळच की रे सुध्या. डोंगर, दर्या, उन्हात घातलेलं म्हावरं. गावात म्हातारी माणसं, पोरं सगळी शहरात."

"आणि लिंबाच्या बागा?"

"असतील. मला कुठे सरबत विकायचंय."

असतील म्हणे.

तिथे तो मिचिकोबाईंकडे राहायचा, त्यांच्या मासळीच्या दुकानावरच्या खोलीत. याला जपानीचं अक्षर येत नव्हतं, त्यांना हिंदीचं. तरी नंतर दर शुक्रवारी सकाळी दोघांचा व्हिडिओ कॉल. त्या दुकानातला मासा दाखवायच्या, हा इथल्या बाजारातून आणलेला साफी मासा कॅमेऱ्यासमोर धरायचा. मग दोघं खूप हसायचे.

मी म्हणायचो, "दे ना, मी बोलतो."

"नको बाबा. तू त्यांचं व्याकरण सुधारशील."

एकदाही फोन दिला नाही.

आज सकाळी माती देऊन आम्ही उम्म अल हस्समला त्याच्या फ्लॅटवर परतलो. त्याचा फोन वाजला. शुक्रवार.

रुखसानाभाभीने, त्याच्या बायकोने, तो माझ्या हातात दिला. "भाऊ, तुम्हालाच येतं ते."

त्या बेटावरच्या माणसाशी आयुष्यात बोललेलं माझं पहिलं वाक्य: इब्राहिम वारला.

क्रियापदाचं रूप अचूक होतं.

मिचिकोबाईंनी मग विचारलं, "जेवला होता का?"

मी भाभीला विचारलं.

"पोटभर. भात दुसऱ्यांदा मागून घेतला."

मी तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि रडायला लागल्या. भाभीने फोन स्वतःकडे घेतला, तीही रडायला लागली. पुढे दोघींना माझी गरज पडली नाही.

माझं नावसुद्धा कुणी विचारलं नाही त्यांच्या बाजूने.

बेट तुझंच, इब्राहिम.

नीट जा. सलाम.