अ‍ॅडजस्ट करणारा मुलगा

१९७९च्या मेमधल्या एका रविवारी आम्ही नाशिकहून सुरगाण्याला निघालो. जीपचे जाऊन-येऊन भाडे एकशे वीस रुपये ठरले होते. आत मी, आई, मामा आणि चालक. काम माझ्यासाठी मुलगी पाहण्याचे. आधी दोन स्थळांनी मुलगा फार हिशेबी म्हणून नकार कळवला होता, त्यामुळे आई धास्तावलेली होती.

जीप फक्त आमची, असे मी दोनदा बजावले होते. तरी दिंडोरीपुढे चालकाने प्रवासी घेतला. “साहेब, जरा अ‍ॅडजस्ट करा.” म्हणजे सरका. पाठोपाठ बायका चढल्या, नागलीचे पोते चढले. आम्हाला सोडून मी नऊ माणसे मोजली. दहाव्या म्हातारीने हात दाखवला तेव्हा आईनेही तोच शब्द मला ऐकवला. म्हणजे ऊठ. शेवटचा अर्धा तास मी, स्वतः ठरवलेल्या जीपच्या मागच्या पायरीवर, लोंबकळत गेलो.

पोहे झाल्यावर मुलीच्या शिक्षक वडिलांनी विचारले, “मुलगा अ‍ॅडजस्ट करणारा आहे ना?”

आई काही बोलायच्या आत मामा म्हणाले, “गुरुजी, त्याची पँट बघा! स्वतःच्या जीपला लटकून आलाय.”

गुडघ्यापर्यंतची लाल धूळ बघून मुलगी खुदकन हसली. होकार तिथेच मिळाला.

नाशिकला उतरल्यावर मी दहा प्रवाशांचे पैसे वजा करायला सांगितले. “ते डिझेलमध्ये अ‍ॅडजस्ट झालं, साहेब,” चालक म्हणाला. म्हणजे विसरा.

चालकाला पूर्ण एकशे वीस रुपये दिले. त्याआधी मुलीच्या हातावर अकरा ठेवले होते. अकरांबद्दल माझी तक्रार नाही.