नुसतंच पाणी वाजलं

लिफ्टवालीचं बाळंतपण कसं झालं ते तिला स्वतःलाच नीटसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की डॉक्टरीणबाई पायाशी उभी राहून बाळाच्या डोक्याला लावलेली एक वाटी धरून ओढत होती, आणि डोक्याशी कुणीतरी सारखं म्हणत होतं, घाबरू नका, आता होईल, आता होईल. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की आतल्या माणसांना ती स्वतः हेच सांगायची, अगदी याच आवाजात. त्यामुळं त्या बोलण्यावर तिचा काडीचा विश्वास बसला नाही. शेवटी पोरगा बाहेर आला. वाटीनं ओढल्यामुळं डोक्याला वर टोक आलेलं. आणि तिला खाली टाके पडले. किती, ते तिनं विचारलं नाही.

एका उंच कचेरीत ती लिफ्ट चालवायची. गोल स्टुलावर बसायचं, बटण दाबायचं, मजला सांगायचा, दार उघडायचं. दिवसभर वरखाली करून संध्याकाळी उतरायची ती सकाळी जिथं चढली तिथंच. घरी आल्यावरही तिनं तोच शिरस्ता धरला. पोरगं रडलं की छातीशी घ्यायचं, ओलं झालं की बदलायचं, झोपलं की ठेवायचं आणि भिंतीकडं बघायचं. बसायचं ते एका कुल्ल्यावर, खाटेच्या कडेला, कलंडून. नवरा रंगारी. कानाच्या पाळीला रंग घेऊनच घरी यायचा आणि विचारायचा, बरं आहे ना? ती म्हणायची, आहे. बरं नव्हतं आणि वाईटही नव्हतं. कमरेखालचा भाग कुणा दुसऱ्या बाईचा असावा आणि आपल्याकडं नुसता सांभाळायला दिलेला असावा, तसं तिला वाटायचं.

घरात तिसरं माणूस सासू. सासू बसस्टँडवरच्या संडासाची राखण करते. दाराशी खुर्ची टाकून बसायचं, आत जाणाऱ्याला पैशाचा डबा दाखवायचा, बाहेर येणाऱ्याला पाणी टाकलं का म्हणून हटकायचं, हे तिचं काम. अख्खा स्टँड तिला मावशी म्हणतो. बसच्या हॉर्नवर आवाज चढवायची सवय, त्यामुळं घरातही ती शेजारच्या माणसाशी रस्त्यापलीकडच्या माणसासारखी बोलते. नातवाचं डोकं बघून तिनं पहिल्याच दिवशी त्याला टोक्या म्हणून टाकलं. खरं नाव ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता खरी गोष्ट. दवाखान्यातून निघताना नर्सनं लिफ्टवालीला सगळं समजावलं होतं. कोमट पाण्याच्या टबात बसा, कापड वेळेवर बदला, पाणी भरपूर प्या, भाजी आणि फळं खा, हे पातळ औषध घ्या म्हणजे शी मऊ होईल, आणि कुंथू नका, टाक्यांवर जोर येतो. यातलं शेवटचं तेवढं तिच्या डोक्यात राहिलं, बाकीचं वाऱ्यावर गेलं. टाक्यांवर जोर येतो. म्हणजे टाके उसवणार. म्हणजे पुन्हा ते टेबल, पुन्हा तो दिवा, पुन्हा पायाशी बाई.

तिनं साधा हिशोब लावला. वरून काही गेलंच नाही तर खालून येईल कुठून? ती ताटात चिवडायला लागली. भात इकडचा तिकडं करायचा, दोन घास घ्यायचे, पोट भरलं म्हणायचं. औषधाचा चमचा भरून न्हाणीत न्यायचा आणि मोरीत ओतायचा. भूकही मेली, तेव्हा त्रास असा काही नव्हता. पोट मात्र दगडासारखं झालं.

नर्स घरी तपासायला आली. टाके बघितले, छान सुकतायत म्हणाली. मग तिनं टोक्याला काट्यावर ठेवलं आणि तिचा चेहरा बदलला. वजन वाढायचं सोडून उतरलं होतं. दूध पुरतंय का? तुम्ही जेवता का? पोट साफ होतं का? लिफ्टवालीनं तिन्हीला हो म्हणून मान हलवली. नर्सनं जाताना बजावलं, की पुढच्या खेपेला वजन असंच राहिलं तर बाळाला दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल.

हे ऐकून आईच्या पोटात गोळा यायला हवा, एवढं लिफ्टवालीला कळत होतं. ती वाट बघत राहिली. गोळा आला नाही. कुणीतरी मजल्याचा आकडा सांगितल्यासारखं ते बोलणं आलं आणि गेलं. आपण आतून बंद पडलोय, हे तेव्हा तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

सासूनं मात्र त्या दिवसापासून स्टँडवर बदली बाई बसवली आणि सुनेवर नजर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टवाली नेहमीसारखी संडासात गेली. कडी लावली, भिंतीला टेकून उभी राहिली. जरा वेळ गेल्यावर मगभर पाणी ओतलं. परत जरा थांबून परत ओतलं. बाहेर आली तर दाराशी सासू, काखेत टोक्या.

"झालं?"

"झालं."

"काय झालं?"

"म्हणजे?"

"तेच विचारते. आत नुसतंच पाणी वाजलं. माणूस काही वाजलं नाही."

लिफ्टवाली खाटेकडं चालायला लागली. सासू मागं. अर्धी हयात त्या स्टँडवरच्या दाराशी गेली, सासू म्हणत होती, कोण आत बिडी फुंकतंय, कोण रडतंय, कोण नुसतंच नवऱ्यापासून सुटका म्हणून बसलंय, सगळं मला बाहेर कळतं, आणि तू मला घरातल्या घरात चकवतेस होय? तू खात नाहीस म्हणून तुला दूध नाही. दूध नाही म्हणून हा वाळतोय. सगळं गाडं तुझ्या बुडाशी येऊन अडलंय.

लिफ्टवालीनं खाटेची कड धरली.

"उसवेल," ती म्हणाली.

"काय उसवेल?"

"खालचं. परत ओढतील मला."

मयताला गेली तरी तिथं कुणाची तरी टर उडवून येणारी ही बाई. पण या बोलण्यावर सासू हसली नाही. टोक्याला खाटेवर ठेवलं आणि नर्सला फोन लावला. मोरीत ओतलेल्या औषधासकट सगळं नर्सच्या कानावर घातलं. नर्स आधी चिडली, मग नीट बोलली. टाके अशानं उसवत नाहीत, म्हणाली. दाबून ठेवल्यानं मात्र खडा होतो आणि मग खरंच हाल होतात. औषध चालू करा, पाणी पाजा, जेवायला घाला. आणि बसायचं कसं तेही सांगितलं. उद्या संध्याकाळपर्यंत काही झालं नाही तर सरळ घेऊन या.

मग सासूनं दवाखानाच मांडला. औषधाचा चमचा स्वतःच्या हातानं तोंडात, वर तोंड उघडून दाखव म्हणून दटावणं. पेल्यामागून पेला पाणी. पपईच्या फोडी. लिफ्टवालीनं सगळं गिळलं. नको म्हणायलाही अंगात काहीतरी लागतं, ते तिच्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात हललं. ती उठली आणि दाराशी थबकली. सासूनं आपल्या लेकाचे रंगाचे दोन रिकामे डबे कमोडपुढं उलटे ठेवले, त्यावर पाय ठेवायला सांगितलं. हातात स्वच्छ कापडाची घडी दिली. ही टाक्यांवर पुढून धरायची, पुढं वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा श्वास सोडायचा. दार नुसतं लोटलं, आणि बाहेर स्वतःची खुर्ची टाकून स्टँडवर बसते तशी बसली.

बराच वेळ काही झालं नाही.

"ढकलतेस का?" सासूनं बाहेरून विचारलं.

"नाही."

"ढकलू नकोस. लिफ्टला मागून कुणी ढकलतं का? बटण दाबलंय, येईल आपली."

लिफ्टवालीच्या नाकातून एक फुसका आवाज निघाला. हसणं होतं ते, पण ओळखायला तिला वेळ लागला.

तेवढ्यात नवरा जेवायला घरी आला आणि त्यालाही नेमकं तिकडंच जायचं होतं. सासूनं त्याला उंबऱ्यातूनच परत लावलं. स्टँडवर जा म्हणाली, माझं नाव सांग, फुकट सोडतील. तो काही न विचारता गेला.

मग आलं. घाम फुटला, आणि खाली असं झोंबलं की तिच्या तोंडातून शिवी गेली. लग्नापासून या घरात तिच्या तोंडून कधी न निघालेली. झोंबत होतं ते तिचंच होतं, दुसऱ्या कुठल्या बाईचं नव्हतं. झाल्यावर तिनं घडी काढून पाहिली. कोरडी. भीत भीत बोटानं चाचपलं. टाके होते तिथंच होते.

"पाणी टाक भरपूर," बाहेरून आवाज आला, स्टँडवरचा, अगदी तोच.

तिनं पाणी टाकलं. बाहेर आली आणि भिंतीचा आधार घेत खाटेपर्यंत गेली. आनंद वगैरे काही झाला नव्हता. थकवा होता, आणि झोंबणं अजून चालू होतं. खाटेवर टोक्या जागा होता, मुठी हलवत. ती वाकून त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं त्याच्या टाळूवरून हात फिरवला.

"याचं टोक कुठं गेलं?"

"कधीच बसलं. आता दुसरं नाव बघायला पाहिजे."

ती एका बाजूवर कलंडून बसली आणि पोराला छातीशी धरलं. तो ओढायला लागला. तिनं सासूकडं पाहिलं.

"कालचा भात आहे का?"

"कालचा कशाला?" म्हणत सासू पातेलं घ्यायला उठली.