मालक म्हणून दिलेलं पॅन कार्ड

टॅक्सच्या बाबतीत माझ्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नव्हती. मी टॅक्सच्या वाटेलाच कधी गेलेलो नव्हतो.

म्हणजे चोरीबिरी नाही. मी वायरमन माणूस. डोंबिवलीत घरोघरी पंखे, गिझर, बोर्ड बघतो आणि ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या दोन कारखान्यांचं लाइटचं काम माझ्याकडे आहे. सातवीपर्यंत मी शाळेत गेलो, पुढे शाळेनेच मला नको म्हटलं. माझी आपली समजूत अशी, की टॅक्स हा पगारदार लोकांना होतो. त्यांना कसं बसून बसून शुगर होते, तसा. आपण दिवसभर शिडीवर असतो, आपल्याला कुठून होणार.

एक दिवस मोबाइलवर मेसेज आला. इंग्रजीत, इन्कम टॅक्सकडून. बायकोने दोनदा वाचला. ती दहावी पास आहे, आमच्या घरातलं सगळ्यात जास्त शिक्षण तेच.

"अहो, यात लिहिलंय तुमच्या कमाईची माहिती त्यांच्याकडे आहे. नीट बघून रिटर्न भरा म्हणतायत."

"कमाईची माहिती मलाच नाय, त्यांना कुठून असणार?"

ती हसली नाही. ती घरी ब्लाऊज शिवते. कल्याणला एका दुकानात तिने कडा मारायचं ओव्हरलॉक मशीन बघून ठेवलेलं. पंचवीस हजार जमवलेले आणि त्याच आठवड्यात ते आणायला जायचं होतं. ती मेसेजकडे बघत होती, पण बघत होती ते मशीनच. म्हणाली, "टॅक्स निघाला तर तेच पैसे जाणार ना?" मी म्हटलं, "मी आहे ना." मला वाटतं, त्यामुळेच ती जास्त घाबरली.

तिच्या गिऱ्हाइकांत एक मॅडम आहेत, साठी ओलांडलेल्या, घरच्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे रिटर्न भरतात. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलेलो. मी इस्त्रीचा शर्ट घातलेला. बायकोने शिलाईच्या तुकड्यांची पिशवी भरून कागद आणलेले.

मॅडमनी माझं पॅन कार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर काहीतरी टाकलं, मोबाइलवर आलेला आकडा विचारला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

"हे तुमचं वर्ष," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावावर ज्यांनी ज्यांनी सरकारला काही कळवलंय, ते सगळं यात दिसतं."

मी बघतच राहिलो. बँकेने मला वर्षात दोनशे बारा रुपये व्याज दिलेलं. ते मला माहीत नव्हतं, सरकारला माहीत होतं. वागळे इस्टेटच्या दोन्ही कारखान्यांची बिलं एकाखाली एक. कुठल्या महिन्यात किती काम केलं, मला विचाराल तर मी सांगेन, "पावसाआधी जरा जास्त होतं." तिथे तारखेसकट होतं. आमच्या आईला माझ्याबद्दल एवढी माहिती नव्हती. मला भीती वाटायला पाहिजे होती, पण खरं सांगू, भरून आलं. एवढ्या मोठ्या देशात कोणीतरी माझी एवढी दखल घेतलेली.

"आणि हे बघा, प्रत्येक बिलातून शंभराला एक रुपया कापून तुमच्या नावावर सरकारात भरलाय. टॅक्स बसला नाही तर तो परत मिळतो."

इथे मला घाम फुटला. कारण त्या कापलेल्या रुपयाचा मी चार वर्षं वेगळा अर्थ लावलेला. मला वाटायचं, कारखान्याचा अकाउंटंट तो स्वतः खातो. तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून मी वेगळ्या मार्गाने वसुली केलेली. त्याच्या केबिनचा पंखा मी मुद्दाम एकवर अडकवून ठेवलेला. तो बिचारा मे महिन्यात फाइलने वारा घेत माझा रुपया माझ्याच नावावर भरत होता.

मी मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी त्यांचा पंखा दुरुस्त करा, मग रिटर्न भरू."

मग त्यांचं बोट खाली एका ओळीवर थांबलं. घरभाडं, एक लाख आठ हजार.

आंबिवलीला आमची एक रूम आहे. चार वर्षांपूर्वी घेतली. महिना नऊ हजारांनी एका पोराला दिलेली, तो ठाण्याला नोकरी करतो. त्याने एकदा फोन केलेला, "काका, ऑफिसात भाडं दाखवायचंय, मालकाचं पॅन कार्ड लागेल." मालक म्हटल्यावर माझी छाती पुढे आली. मी त्याच संध्याकाळी माझ्या कार्डाची झेरॉक्स काढून दिली. रंगीत काढली, पाच रुपये जास्त देऊन.

मॅडमनी कागदावर हिशोब मांडला. आधी भाड्यातून घरपट्टी वजा. मग राहील त्यातले शंभरातले तीस, दुरुस्तीचे म्हणून, सरकार आपणहून सोडतं.

"दुरुस्ती केली असो वा नसो?"

"विचारतही नाहीत."

मी त्या रूमवर वर्षभरात एक बल्ब लावलेला, तोही जुना. सरकार एवढ्या मोठ्या मनाचं असेल असं मला वाटलं नव्हतं. हात जोडावेसे वाटले, पण समोर नुसता कॉम्प्युटर होता.

"आता खरी अडचण," मॅडम म्हणाल्या. "या वर्षाच्या नियमाने सात लाखांपर्यंत तुम्हाला टॅक्स नाही. तुमचं वायरिंगचं उत्पन्न त्याच्या जेमतेम आत आहे. हे भाडं तुमच्यात धरलं, तर तुम्ही रेषेच्या पलीकडे जाता. मग पंचवीस-सव्वीस हजार भरावे लागतील."

बायको पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"रूम कोणाच्या नावावर आहे?"

"हिच्या," मी म्हटलं. "बाईच्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी लागते. ते डोकं माझं."

"आणि पैसे कोणी घातले? नीट सांगा, त्यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही पैसे घालून नुसतं त्यांचं नाव लावलं असेल, तर भाडं तुमच्याच उत्पन्नात येईल."

आता वास्तविक इथे गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी गेली चार वर्षं अख्ख्या डोंबिवलीला सांगत आलेलो, की मी रूम घेतली. तोंडाला सवय लागलेली.

"मीच घातले," मी म्हटलं.

बायकोने पिशवीतून पासबुकं काढून मॅडमच्या पुढ्यात ठेवली. तिची, पतपेढीची.

मॅडम पानं उलटायला लागल्या. मीही वाकून बघितलं. सुरुवातीला भरलेली रक्कम तिच्या भिशीची आणि मोडलेल्या एफडीची. मग दर महिन्याच्या पाच तारखेला कर्जाचा हप्ता, तिच्याच खात्यातून. त्याआधी आठ-दहा दिवस बारीक बारीक जमा. दोनशे. साडेतीनशे. दोनशे. लग्नसराईत जरा जास्त. भाडं यायला लागलं तेही तिथेच जमा. एकही महिना चुकलेला नाही. मला एकदा डेंग्यू झालेला, त्या महिन्यातही पाच तारखेला हप्ता गेलेला.

सरकारचा कागद बघून मी चाट पडलेलो. पण ही पासबुकं बघून माझी पुढे आलेली छाती आत गेली. ब्लाऊज शिवून माझ्या शेजारी बसल्या बसल्या या बाईने आंबिवलीत घर उभं केलेलं, आणि मी टीव्ही मोठा कर म्हणत होतो, मशीनच्या आवाजाने ऐकू येत नाही म्हणून.

"मग मी घरात देत होतो ते?" मी हळूच विचारलं.

"किराणा, लाइटबिल आणि तुमची टपरीची उधारी," बायको म्हणाली.

"रूम यांची, पैसे यांचे, भाडं यांचं," मॅडम म्हणाल्या. "यांचं उत्पन्न एवढं कमी आहे की यांना टॅक्स बसत नाही. भाडेकरूला यांचं पॅन कार्ड द्या." मग माझ्या नावापुढच्या त्या ओळीवर त्यांनी टिचकी मारली आणि ही माहिती दुसऱ्या व्यक्तीची आहे, असं सरकारला कळवून टाकलं. एका टिचकीत माझी मालकी गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

बायकोने पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकवली.

खाली रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "म्हणजे मालकीण तू. मग मी कोण गं?"

"मशीन चाळीस किलोचं आहे," ती रिक्षाला हात करत म्हणाली. "हमाल दोनशे मागतो. तुम्ही चला."