वासिलीने रोवलेल्या काठ्या

आमच्या गोठलेल्या कुस्कोक्विम नदीवर जानेवारीत पाऊस पडला की शर्यतवाल्यांना वासिली शत्रू वाटायला लागतो. त्याचं काम एवढंच: बर्फ कुठे दगा देईल ते पाहायचं आणि तिथे वाळुंजाच्या काठ्या रोवायच्या. काठ्या दिसल्या की वळायचं, मग घाई कितीही असो.

त्या वर्षी कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाड्यांच्या शर्यतीत त्याची मुलगी फेक्लाच पुढे होती. आदल्या दिवसापासून पावसाची रिपरिप, बर्फावर घोट्याएवढं पाणी, कुत्री पोटापर्यंत भिजलेली. ती आमच्या गावी विसाव्याला थांबली, तेव्हा वासिली पुढची वाट बघायला निघाला. त्याच्या स्नोमोबाइलवर मागे मी. एका काळपट पट्ट्यावर त्याने पहार मारली. दुसऱ्याच घावाला खालून पाणी आलं.

त्याने एकदा वळून गावाकडे पाहिलं. मग काठ्या रोवू लागला, पार काठाच्या झुडपांपर्यंत. वाट आता काठाने वळली, आणि तिथला बर्फ भुसभुशीत. फेक्लाची चपळ, पण जोर कमी असलेली कुत्री त्यात रुतणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

गावात परतलो तर शेजारच्या इव्हॉनने त्याला गाठलंच. "अरे शहाण्या, तासभर चहा पीत बसला असतास तर पोरगी पार गेली असती!"

"गेली असती, नाहीतर बुडाली असती," वासिली म्हणाला आणि सुका सामन मासा चघळत बसला.

फेक्ला काठ्या दाखवतील तशीच गेली, रुतली, चौथी आली. आणि त्याच रात्री अशी थंडी पडली की त्या पट्ट्यावरून ट्रक गेला असता. लोकांनी वासिलीला आठवडाभर सोलून काढलं. असा संताप आला मला!

काठ्या उपटणंही त्याचंच काम. या वेळी फेक्लाही आमच्याबरोबर आली. पट्ट्यावर तिने पहार हाणली. ठण्ण!

"टिकला असता, बाबा."

"टिकलाही असता."

"मी जिंकत होते."

"दिसत होतं की गं. मलाही हवं होतं ते. तुझ्याहून जास्त." त्याने एक काठी उपटली. "पण पाणी पाहिलं होतं ना मी."

फेक्लाने पहार खाली ठेवली.

"पुढच्या वर्षीही काठ्या तूच लाव," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी लावल्या तर मी माझी कुत्री या नदीवर घालणार नाही."